सहा हजार गोळ्या आणि होल्स्टरमधलं पिस्तूल

पिस्तुलांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "कोल्ट 1911 ने सहा हजार गोळ्या झाडल्या, एकदाही अडलं नाही!" वाक्य खरं आहे. मार्च 1911 मध्ये अमेरिकन लष्कराने कोल्ट आणि सॅव्हेज या दोन कंपन्यांच्या पिस्तुलांची कसून परीक्षा घेतली. कोल्टचं पिस्तूल जॉन ब्राउनिंगने रचलेलं, आणि गडी स्वतः चाचणीला हजर होता. दर शंभर गोळ्यांनंतर पिस्तूल पाच मिनिटं थंड होऊ द्यायचं, दर हजार गोळ्यांनंतर साफ करून तेल द्यायचं. सॅव्हेज 37 वेळा अडलं, कोल्ट एकदाही नाही. 29 मार्चला कोल्टची निवड झाली.

पण या चाचणीने सिद्ध काय झालं? सहा हजार गोळ्यांत एकही अडथळा नाही, तर संख्याशास्त्राच्या एका ढोबळ नियमाने आपण 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणू शकतो, की अडण्याचं प्रमाण साधारण दोन हजारांत एकापेक्षा कमी असावं. तेही त्या एका पिस्तुलाचं, वेळच्या वेळी तेल मिळालेल्या. खंदकातल्या चिखलात शिपायाच्या कमरेला लटकणाऱ्या पिस्तुलाबद्दल हा आकडा फार काही सांगत नाही. तरी शंभर वर्षं तो हुकमी एक्क्यासारखा टाकला जातो.

टिकाऊपणाचं एक बरं असतं, गोळ्या मोजता येतात. होल्स्टरमधल्या सुरक्षिततेचं काय? तिथे "कधीच न घडलेली" गोष्ट मोजायची असते.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं होती, पण जाणते लोक पाचच भरत. कारण साधं होतं. घोडा भरलेल्या घरावर टेकलेला असेल आणि त्याला मागून दणका बसला, तर चापाला बोटही न लावता गोळी सुटू शकते. रिकाम्या सहाव्या घरात आपल्या अंत्यविधीच्या खर्चाची नोट गुंडाळून ठेवत, अशीही एक कथा सांगतात. कथा झकास आहे, पण माझा तिच्यावर काडीचाही विश्वास नाही.

वायट अर्पचा किस्सा मात्र छापील आहे. जानेवारी 1876, विचिटा. हा नामांकित पोलीस एका सलूनच्या मागच्या खोलीत बसलेला असताना त्याचं रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून निसटलं, घोडा खुर्चीवर आपटला आणि गोळी सुटली. ती त्याच्या कोटातून आरपार गेली. गावातल्या वर्तमानपत्राने ही बातमी छापली. पुढे 1931 साली आलेल्या त्याच्या चरित्रात अर्पच्या तोंडी उपदेश आहे, की अनुभवी माणूस पाचच गोळ्या भरतो. चरित्र विसरून ती जुनी बातमी आधी वाचावी, असं मी आवर्जून सांगेन.

1911 पिस्तुलालाही हा प्रश्न सुटला नव्हता. घोडदळाच्या आग्रहावरून अंगठ्याने लावायची कळ त्यात आली, पण चाप ओढल्याशिवाय फायरिंग पिन पुढे जाऊच नये असा अडसर मूळ रचनेत नव्हता. नळीच्या टोकावर जोरात आपटलं, तर गोळी सुटण्याची शक्यता उरायचीच. असा अडसर कोल्टने 1930 च्या दशकाच्या अखेरीस काही पिस्तुलांत घातला, मग महायुद्धाच्या सुमारास तो बंद झाला आणि 1980 च्या दशकात दुसऱ्या रूपात परत आला.

आता आपल्या काळात या. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकन लष्कराने सिग सावरच्या पी320 ची निवड केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकांनी चित्रित करून दाखवलं, की बाजारात विकलेलं पी320 ठराविक कोनातून मागच्या बाजूवर पडलं तर गोळी सुटते. असा पुरावा खरा पुरावा. कोणीही तेच पिस्तूल घ्यावं, तसंच टाकून बघावं. कंपनीने भाग बदलून द्यायला सुरुवात केली.

त्यापुढचा वाद अवघड आहे. अनेक पोलिसांनी, नागरिकांनी दावे केले, की पिस्तूल होल्स्टरमध्ये असताना आपोआप सुटलं. कंपनी म्हणते, चाप ओढल्याशिवाय हे घडूच शकत नाही. काही खटल्यांत ज्युरीने जखमींच्या बाजूने कौल दिला. पण कौल म्हणजे प्रयोग नव्हे. ज्युरीतल्या माणसांना पटलं, एवढाच त्याचा अर्थ. उलट बाजूने बघा: होल्स्टरमध्ये चापाला किल्ली अडकली, कापडाची घडी अडकली, की पिनचा दोष होता, हे गोळी सुटून गेल्यावर ठरवणार कसं? अपघाताच्या क्षणी तिथे मोजमाप करणारा कोणी नसतो.

जुलै 2025 मध्ये वायोमिंगच्या हवाई तळावर एका तरुण सैनिकाचा याच पिस्तुलाच्या लष्करी आवृत्तीमुळे जीव गेला. पिस्तूल आपोआप सुटलं, असं आधी सांगितलं गेलं. हवाई दलाच्या त्या विभागाने पिस्तुलं बाजूला ठेवली. काही आठवड्यांत दुसऱ्याच एका सैनिकाला अटक झाली, खोटा जबाब दिल्याचा आरोपही त्याच्यावर होता. तपासणीनंतर पिस्तुलं परत वापरात आली. आधीच्या महिनाभरात मात्र दोन्ही बाजूंचे लोक त्या मृत्यूचा दाखला देत भांडून मोकळे झाले होते.