चाळीस किलोंचा न्याय

लहानपणी आमच्या घरी फियाट होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, प्रीमियर पद्मिनी. तिच्या कागदावर इंजिनाचे माप लिहिलेले असे, १०८९ सीसी. बेळगावला मामाकडे जाताना घाटात ती धापा टाकू लागली की वडील तिलाच समजावीत, "दमानं गो, बाये, दमानं." याच घराण्यातले इंजिन एके काळी मोनाकोच्या रस्त्यांवर शर्यती जिंकत होते असे मला तेव्हा कुणी सांगितले असते, तर मी हसलो असतो.

पण ते खरे आहे. इटलीचे काउंट जोव्हान्नी लुरानी हे शर्यतपटू, इंजिनियर आणि पत्रकार. नवोदित चालकांना परवडेल अशी छोटी, उघड्या चाकांची, एका माणसाची शर्यतगाडी असावी असे त्यांना वाटे. त्यातून 'फॉर्म्युला ज्युनियर' जन्माला आली. १९५८ मध्ये ती इटलीत सुरू झाली आणि १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय झाली. इंजिन बाजारात विकल्या जाणाऱ्या साध्या मोटारीचेच हवे, ही तिची मुख्य अट. इटलीत असे इंजिन म्हणजे अर्थातच फियाट ११००.

मला मौज वाटते ती तिच्या वजनाच्या नियमाची. इंजिन १००० सीसीपर्यंतचे असेल तर गाडी किमान ३६० किलोंची हवी, ११०० पर्यंतचे असेल तर ४०० किलोंची. म्हणजे शंभर सीसी जास्त घ्यायचे तर चाळीस किलो जास्त वाहायचे. हिशेब करून पाहा. लहान गाडीत किलोमागे २.७८ सीसी पडतात, मोठीत २.७५. किराणा दुकानदाराने तराजूची दांडी जवळजवळ सरळ धरावी, तसेच हे!

पण गाडी एकटी धावत नाही. चालकाचे वजन या किमान वजनात धरलेले नव्हते. आता सत्तर किलोंचा माणूस दोन्ही गाड्यांत बसवा. एकूण वजन झाले ४३० आणि ४७०. आता लहानीला किलोमागे २.३३ सीसी आणि मोठीला २.३४. पारडे हळूच दुसरीकडे झुकले. फरक केसाएवढा, पण शर्यतीत केसालाही किंमत असते.

सुरुवातीला फियाटचेच राज्य होते. १९५९ ची मोनाकोची ज्युनियर शर्यत मिखाएल माय यांनी मोडेनाच्या स्टांगुएलिनी गाडीत जिंकली. इंजिन पुढे, फियाटचे. त्याच वर्षी इंग्लंडात फोर्डची नवी अँग्लिया आली. तिचे इंजिन ९९७ सीसीचे, म्हणजे फियाटपेक्षा लहानच. पण फियाटचा पिस्टन एका खेपेला ७५ मिलिमीटर चालायचा आणि फोर्डचा जेमतेम ४८. पिस्टनची चाल आखूड असली की इंजिनाला न फुटता जास्त वेगाने फिरवता येते, आणि जास्त फेरे म्हणजे जास्त ताकद. कॉसवर्थच्या कीथ डकवर्थ यांनी हे ओळखले. रस्त्यावर ३९ अश्वशक्ती देणाऱ्या त्या इंजिनातून १९६० मध्येच सुमारे ७५ काढली गेली. लोटस आणि कूपर यांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवले, आणि फियाटवाले मागे पडले.

पुढे इंग्रजांनी तेच फोर्ड इंजिन ११०० च्या हद्दीपर्यंत वाढवले आणि चाळीस किलोंचा दंड आनंदाने भरला. १९६२ च्या लोटस २२ मध्ये ते सुमारे शंभर अश्वशक्ती देत होते. पीटर अरुंडेल यांनी १९६१ आणि १९६२ अशी दोन्ही वर्षे मोनाको जिंकली.

मग संशय आला. माजी शर्यतपटू आणि जर्मन पत्रकार रिखार्ड फॉन फ्रांकेनबेर्ग यांनी लिहिले की लोटसची इंजिने हद्दीपेक्षा मोठी आहेत. लोटसचे कॉलिन चॅपमन यांनी हजार पौंडांची पैज लावली. डिसेंबर १९६२ मध्ये मोंझाला अरुंडेल पुन्हा धावले, आधीपेक्षाही वेगात. इंजिन उघडून मोजले गेले. ते नियमातच होते. पैज चॅपमन जिंकले.

मला ही गोष्ट चॅपमनच्या विजयापेक्षा लुरानींच्या पराभवाची वाटते. चोरी कुणीच केली नव्हती. गरिबाच्या पोराला शर्यतीत उतरता यावे म्हणून साधे इंजिन सक्तीचे केले, आणि त्या साध्या इंजिनाला असाधारण करण्याचा धंदाच उभा राहिला. इटालियन चालकांसाठी मांडलेल्या पंक्तीत पोटभर जेवले ते इंग्रज. १९६३ नंतर फॉर्म्युला ज्युनियर बंद झाली आणि १९६४ पासून १००० सीसीची फॉर्म्युला थ्री आली.

तरी लुरानींचा बेत अगदी वाया गेला असे मी म्हणणार नाही. जिम क्लार्क याच छोट्या गाड्यांतून वर आले आणि १९६३ मध्ये जगज्जेते झाले. स्टांगुएलिनी चालवणारे लोरेंझो बांदिनी पुढे फेरारीत गेले.

आणि आमची पद्मिनी? मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्ता सोडला. आमची त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली. घाटातली तिची धाप मात्र अजून कानात आहे. पंच्याहत्तर मिलिमीटरची चाल होती बिचारीची. घाईची तिची प्रकृतीच नव्हती.