अंगद वाचला कसा?

अंबाळा तलावाकडून रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढायला लागा. प्रसादवाला ओरडतो, "थैली आत धरा जी, वानेर ओढते." काळ्या तोंडाचा एक हुप्प्या भिंतीवरून तुमच्या हातांवर नजर ठेवून आहे. चढताना शतकं मागे पडू द्या. इंग्रज गेले, भोसले गेले, यादव गेले. केवल नरसिंहाच्या देवळापाशी पोचता तेव्हा पाचवं शतक चालू आहे. मूर्तीचं तोंड सिंहाचं, पण एक गुडघा उभा करून बसण्याची ऐट राजाची.

खाली वाकाटकांचा मुलूख. नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन, सोडून दुसऱ्या प्रवरसेनाने प्रवरपूर ही नवी राजधानी केली आहे. राजा स्वतः कवी. 'सेतुबंध' हे काव्य रचलंय तेही संस्कृतात नव्हे, महाराष्ट्री प्राकृतात. दरबारात त्याचं वाचन चालू आहे, मागे जागा धरून बसा. शब्द ओळखीचे वाटतात, अर्थ निसटतो. शेजारचा म्हातारा हळू आवाजात सांगत जातो.

वानरसेना समुद्राशी पोचली आहे आणि समोरचं पाणी पाहून थिजली आहे. डोळे हटत नाहीत, पाय उचलत नाहीत. ऐकणारेही गप्प होतात. रोज हुप्पे पाहणारी ही माणसं. माकड घाबरलं की आधी त्याचं अंग कसं आखडतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. मग सुग्रीव उभा राहतो. वानरांना लाजवतो, डिवचतो, धीर देतो. भाषण लांबतं. आमच्या हिवाळी अधिवेशनात खपून जाईल, पण खरं सांगायचं तर त्यात माकड उरत नाही, नुसता पुढारी उरतो. पुढे वानर डोंगर उपटायला लागतात तेव्हा कवी पुन्हा सापडतो. पुलासाठी उचललेल्या त्या डोंगरांवर हत्तींचे कळप आहेत, त्यांची ताटातूट होते. देवाच्या कामात हत्तींचंही दुःख मोजणारा हा राजा मला सुग्रीवाच्या भाषणापेक्षा फार मोठा वाटतो. दोनेक शतकांनी बाणभट्टही त्याची कीर्ती गाणार आहे.

आता झपकन पुढे या. 1894 : किपलिंगचं 'जंगल बुक'. जंगल इथून उत्तरेला, सिवनीकडचं. लेखक मात्र अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये बसलेला. त्याची माकडं बडबडी, बेशिस्त, हसण्यापुरती. लांडग्यांना कायदा दिला, माकडांच्या वाट्याला तुच्छता आली. इथे फार थांबू नका.

1982 ला थांबा. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' आलं आहे. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळेल. यातली वानरं भाषणं करत नाहीत. त्यांना नावं आहेत, भीती आहे, मत्सर आहे, पण सगळं अंगातून दिसतं. नवा नर टोळीच्या म्होरक्याला हुसकावतो, माद्या ताब्यात घेतो आणि जुन्याची पिल्लं मारतो. दुष्टपणाने नव्हे. आया पुन्हा माजावर याव्यात, आपली वीण वाढावी, एवढंच. हे वाचताना तुम्ही त्याला खुनी म्हणता, तो आरोप तुमचा. लेखकाने तो केलेला नाही.

हे घेऊन पुन्हा प्रवरपुरात या आणि म्हाताऱ्याला सांगा. तो चकित होणार नाही. "किष्किंधेत वेगळं काय झालं?" तो म्हणेल. वाली पडला, सुग्रीव गादीवर आला, तारा सुग्रीवाची झाली. गडावरच्या टोळीतही असंच होतं.

"मग वालीचं पोर?" तुम्ही विचारता.

टोळीच्या नियमाने अंगद जगायला नको होता. पण मरताना वालीने त्याला सुग्रीवाच्या हवाली केलं आणि सुग्रीवाच्या राज्यात तो युवराज झाला. वानरांच्या गोष्टीत माणूस घुसला तो इथे, आणि समुद्रकाठच्या त्या लांबलचक भाषणापेक्षा कितीतरी कमी शब्दांत. म्हातारा समोर बोट करतो : गप्प बसा, वाचन पुन्हा सुरू होतंय, सैन्यात अंगदही आहे.