स्लालम जलस्कीची जुळणी आणि तंत्रदोष : एक ऐतिहासिक टिपण

दिवाळे (नवी मुंबई) येथील कोळी बांधवांना भाराची जागा बदलून होडीचा तोल साधणे नवे नाही. नौकेतील अशा भारास मराठीत ‘नीरम’ हा जुना शब्द आहे. भार हलविल्याने होडीचा कल सुधारतो; परंतु सुकाणूवरील हाताची चूक सुधारते काय? स्लालम जलस्कीच्या इतिहासात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार केला आहे.

जलस्कीचा आरंभ १९२२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, लेक पेपिन या सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन यांनी केला. पिंपाच्या फळ्या व बर्फावरील स्की यांचे प्रयोग फसल्यावर त्यांनी सुमारे ८ फूट लांब व ९ इंच रुंद फळ्या घेतल्या आणि त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळविली. यश मात्र २ जुलै रोजी, शरीर मागे झुकवून टोके पाण्यावर ठेवल्यानंतर आले. त्यांनी पेटंट घेतले नाही. ते १९२५ मध्ये फ्रेड वॉलर यांनी आपल्या स्कीसाठी घेतले. सॅम्युएलसन यांचे श्रेय अमेरिकी संघटनेने मान्य केले ते १९६६ मध्ये. नोंद साधनाची राहते, झुकण्याची राहत नाही, हे येथेही दिसते.

स्लालममध्ये खेळाडू एकाच स्कीवरून सहा बोयांना वळसा घालतो. बोये मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर असतात. दोरी १८.२५ मीटरपासून टप्प्याटप्प्याने आखूड केली जाते; ती ११.२५ मीटरवर आली की उणे अंतर खेळाडूच्या देहानेच भरून काढावे लागते. या पातळीवर स्कीखालील फिनची खोली, लांबी व शेपटीपासूनचे अंतर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. बाइंडिंग, म्हणजे पाय अडकविण्याचा बूट, पुढेमागे सरकवितात.

सर्रास आढळणारा दोष मागच्या पायावर भार देण्याचा आहे. त्यामुळे स्कीचे टोक वर राहते व वळण लांबते. बाइंडिंग किंचित पुढे घेतले की टोक पाण्यात बसते आणि वळण लवकर साधते. हौशी खेळाडूने एवढ्यावर समाधान मानल्यास त्यात गैर नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अडचण नंतर येते. सरावाने भार योग्य जागी आला की तेच टोक अधिक रुतते व खेळाडू पुढे फेकला जातो. मग दोष फिनवर ढकलून नवी जुळणी केली जाते. जुळणीच्या वहीत आकडे उतरतात. ते कोणत्या देहस्थितीसाठी होते, हे बहुधा लिहिलेले नसते.