विवेक रणदिवे : मुंबईचा मुलगा, एनबीए संघाचा मालक

विवेक रणदिवे यांचा जन्म १९५७ चा, मुंबईतला. अमेरिकेत एमआयटीला प्रवेश मिळाला, पण त्या काळी परदेशी चलन मिळणे अवघड होते. रिझर्व्ह बँकेची परवानगी त्यांनी खटपट करून मिळवलीच. पुढे हार्वर्डमधून एमबीए केले.

संगणकाचे भाग एका सामाईक मार्गाने माहितीची देवाणघेवाण करतात. हीच कल्पना त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये आणली. त्यामुळे शेअर बाजारात काम करणाऱ्यांना सगळी माहिती एकाच पडद्यावर, त्याच क्षणी मिळू लागली. १९९७ मध्ये त्यांनी टिब्को कंपनी स्थापन केली.

बास्केटबॉल त्यांच्या आयुष्यात आला तो लेकीमुळे. स्वतः कधी खेळले नव्हते, तरी तिच्या संघाचे प्रशिक्षक झाले. २०१० मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स संघात त्यांनी भागीदारी घेतली.

२०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ सिएटलला हलवण्याची तयारी चालली होती. शहरात एनबीएचा तेवढा एकच संघ. रणदिवे यांच्या गटाने तो विकत घेतला आणि संघ गावातच राहिला. २०१६ मध्ये नवे क्रीडागृहही उभे राहिले.

मात्र पैसा आला म्हणून विजय येत नाही. प्रशिक्षक बदलत राहिले, आणि त्यांच्या मालकीत संघाला प्लेऑफसाठी २०२३ पर्यंत थांबावे लागले. त्याआधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, एनबीएचे भारतातील पहिले सामने मुंबईत झाले. त्यात किंग्ज खेळले.

मुलांना अभ्यास की खेळ, असे विचारणाऱ्या पालकांनी ही गोष्ट घरी जरूर सांगावी.