वारा, घसारा आणि एकतीस मार्च

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलात की चाळकेवाडीचं पठार लागतं. तिकडे पाटण तालुक्यात, कोयनेच्या जलाशयावर, वनकुसवड्याचं पठार आहे. दोन्हीकडे ओळीनं पवनचक्क्या उभ्या आहेत. आता मला सांगा, वारा तर या पठारांवर शिवकाळातही होता. मग पवनचक्क्या १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच का आल्या? तंत्रज्ञान आलं, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं प्राप्तिकर कायद्यात आहे, आणि तिथला शब्द आहे ‘घसारा’.

यंत्र वापरानं झिजतं, म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग दरवर्षी नफ्यातून वजा करता येतो. हा झाला घसारा. सरकारनं पवनचक्कीसाठी तो पहिल्याच वर्षी १०० टक्के मान्य केला. समजा, एखाद्या कंपनीनं एक कोटीची पवनचक्की घेतली आणि कराचा दर ३५ टक्के आहे. तिचा त्या वर्षीचा ३५ लाखांचा कर वाचला. नीट बघितलं तर हा कर माफ झालेला नसतो, पुढे ढकललेला असतो. पण आज हातात राहिलेला पैसा म्हणजे बिनव्याजी कर्जच की!

यातून दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे, ज्याला मोठा कर भरायचा आहे त्यालाच ही सवलत उपयोगी. त्यामुळे कापड गिरण्यांपासून वाहन कारखान्यांपर्यंत, ज्यांचा वीजनिर्मितीशी संबंध नव्हता असे उद्योग पवनचक्क्यांचे मालक झाले. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर मनोरा उभा राहिला, त्याचं शेतीउत्पन्न करमुक्त. त्याला या सवलतीचा काय उपयोग? तो मालक होऊ शकला नाही, जमीन देणाराच राहिला.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. मालमत्ता वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच मिळतो. म्हणून पूर्ण लाभासाठी सप्टेंबरअखेर, नाहीतर निम्म्यासाठी एकतीस मार्चच्या आत चक्की सुरू करायची धावपळ. वारा वाहतो पावसाळ्यात, आणि चक्क्या उभ्या राहतात सीएच्या कॅलेंडरप्रमाणे!

हे काही फक्त आपल्याकडे झालं नाही. आपल्या आधी कॅलिफोर्निया याच वाटेनं गेलं होतं. १९७८ नंतर तिथे केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून गुंतवणुकीचा जवळजवळ निम्मा भाग करातून परत मिळायचा. अल्टामाँटच्या खिंडीत हजारो चक्क्या उभ्या राहिल्या. त्यातल्या कितीतरी घाईत बनवलेल्या होत्या, त्या मोडल्या. १९८५ अखेर केंद्राची सवलत संपली आणि लाट ओसरली. त्या अनुभवानंतर अमेरिकेनं १९९२ मध्ये वेगळी सवलत आणली: तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे दीड सेंट, पहिली दहा वर्षं. म्हणजे बक्षीस यंत्र उभारल्याचं नाही, वीज दिल्याचं.

भारताला तिथवर यायला आणखी सतरा वर्षं लागली. दरम्यान १९९६ च्या अर्थसंकल्पात किमान पर्यायी कर आला. घसारा दाखवून कर शून्यावर आणणाऱ्या कंपन्यांनाही थोडा कर लागू झाला, आणि नव्या पवनचक्क्यांचा वेग एकदम मंदावला. पुढे घसारा ८० टक्क्यांवर आला. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रानं युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना आणली. अट एकच: घसारा घ्या किंवा हे घ्या, दोन्ही नाही. त्यामुळे करासाठी नव्हे, वीज विकण्यासाठीच आलेल्या कंपन्यांना वाट मिळाली.

मार्च २०१२ अखेर मात्र दोन्ही सवलती एकदमच थांबल्या. २०११–१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॉटची भर पडली होती. पुढच्या वर्षी ती सुमारे १,७०० वर आली. युनिटमागचे पैसे २०१३ मध्ये परत आले, घसारा २०१४ मध्ये. एप्रिल २०१७ पासून घसारा ४० टक्के झाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पहिल्या लिलावात पवनवीज ३ रुपये ४६ पैसे दरानं विकली गेली होती. खेळच बदलला होता.

मग करसवलत चुकली का? मी तसं म्हणणार नाही. तिच्याशिवाय पुण्यात मुख्यालय असलेली सुझलॉनसारखी कंपनी १९९५ नंतर इतक्या झपाट्यानं वाढली नसती, आणि लिलावात उतरायला कुणी अनुभवी उरलंच नसतं. पण सवलत ज्याला मोजते तेच आपल्याला मिळतं. मनोरे मोजले तर मनोरे मिळतात, युनिटं मोजली तर वीज मिळते. पुन्हा चाळकेवाडीला गेलात, तर किती पाती फिरताहेत तेवढं मोजा. आणि जमीन कुणाची होती, हेही गावात कुणाला तरी विचारून या.