लढाईच्या सालातलं क्रिकेट

सदाशिव पेठेत आमचं काही नाही. ना वाडा, ना खोली. तरी अंजिराची पाटी घेऊन पुण्याला गेलो आणि टिळक रोडनं निघालो, की एस. पी. कॉलेजच्या फाटकापाशी मान आपोआप तिकडं वळते. आमचे चुलते, तात्या, तिथं दोन वर्षं शिकले. 1939 ला गेले आणि 1941 ला परत आले, ते कायमचेच.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात. तात्या मॅट्रिक झाले त्याच साली लढाई पेटली. सप्टेंबर 1939 मध्ये व्हाइसरॉयनं इथल्या कुणाला न विचारता हिंदुस्थान लढाईत असल्याचं जाहीर केलं. आमच्या आजोबांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या पुढ्यात दोन पोरं आणि कोरडवाहू जमीन. थोरला, म्हणजे माझे वडील, मराठा पलटणीत भरती झाला, धाकटा कॉलेजात गेला. थोरल्याच्या पगारातून घरी जे पैसे यायचे, त्यातून धाकट्याची फी आणि खाणावळ भागायची. ज्वारीचं पोतं दिवे घाटातून बैलगाडीनं जायचं.

कॉलेज 1916 सालचं. तेव्हा त्याला न्यू पूना कॉलेज म्हणत. जमखिंडीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या नावावरून पुढं सर परशुरामभाऊ झालं. तिथं संस्कृतचे प्रोफेसर होते दि. ब. देवधर. तात्यांनी संस्कृत घेतलं नव्हतं, अर्धमागधी घेतलं होतं. त्यामुळं देवधर त्यांना वर्गात कधी लाभले नाहीत. "व्हरांड्यातून जाताना बघायचो, तेवढंच," असं ते सांगायचे. पण पेठेतल्या खाणावळीत वरणभाताबरोबर देवधरांचंच नाव चालायचं. हा माणूस महाराष्ट्राच्या संघाचा कप्तान. 1926 साली गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी 148 धावा काढल्या होत्या, आणि नव्या पोरांनाही त्या पाठ होत्या.

1939-40 च्या हंगामात महाराष्ट्रानं रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. अंतिम सामना पुण्यातच झाला, संयुक्त प्रांताविरुद्ध. त्याच हंगामात विजय हजारेंनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद 316 केल्या. हजारे सांगलीचे. तात्यांच्या खोलीत साताऱ्या-सांगलीकडची पोरं होती. त्यांनी म्हणे ती रात्र झोपू दिलं नाही.

पुढच्या हंगामात मात्र खाणावळीत दोन तट पडले. विलायतेत काउंटी क्रिकेट बंद पडलं होतं, तिथले खेळाडू पलटणीत गेले होते. इकडं ऑक्टोबर 1940 ला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, नेहरूंना अटक झाली. अशा वेळी बॅट-बॉल खेळायचा? मुंबईतले पंचरंगी सामने तर धर्मावर संघ करून खेळायचे. हिंदूंचा एक, मुसलमानांचा एक, पारशांचा एक. डिसेंबरात गांधीजींनीच त्याविरुद्ध मत दिलं. रणजीचं तसं नव्हतं. इथं प्रांत खेळायचे. मला विचाराल तर हा फरक मोठा होता. पण भरल्या पोटी वाद घालणाऱ्यांनी तो पुरता ध्यानात घेतला असेल, असं वाटत नाही. तात्या ऐकत बसायचे. त्यांचा भाऊ तेव्हा सुदानात होता. "मी काय बोलणार? मी दोन्हीकडचा," म्हणायचे.

तेवढ्यात मुंबईविरुद्धचा सामना पुण्यात आला. आजोबांनी नुकतेच दहा रुपये आणून दिले होते, फीसाठी. तात्यांनी ते मोडले. पहिल्या दिवशी एक तास बघून यायचं म्हणून गेले आणि सामना संपेपर्यंत रोज जात राहिले. देवधर तेव्हा 48 वर्षांचे. त्या वयात आमच्याकडचा माणूस नांगर पोराच्या हातात देऊन ओट्यावर बसतो. त्यांनी 246 काढल्या. महाराष्ट्राच्या 675, मुंबईच्या 650. पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढं गेला, आणि शेवटी मद्रासला जाऊन मद्रासलाच हरवून दुसऱ्यांदा करंडक घेऊन आला.

तात्यांची फी थकली. परीक्षेचा फॉर्म राहून गेला. घरी खरं कारण सांगितलं नाही, तब्येत बरी नव्हती म्हणाले.

फेब्रुवारी-मार्च 1941 ला एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर इटलीच्या फौजेशी मोठी लढाई झाली. त्यात मराठा पलटणी होत्या. तिथं वडलांच्या मांडीत गोळी लागली. पुढल्या साली लंगडत घरी आले. आल्या-आल्या त्यांनी एवढंच विचारलं, "तू कॉलेजात का नाहीस?"

तात्या लपवू शकले नाहीत. सांगून टाकलं. वडील उठून गोठ्यात गेले. आजी सांगायची, आठ दिवस दोघं भाऊ एका ताटात जेवले नाहीत, बोलले नाहीत. एकाची मांडी फाटलेली, दुसऱ्याचं शिक्षण बुडालेलं. आजोबा कुणाची बाजू घेणार?

मग एकदा खळ्यावर राखणीला दोघंच होते. वडलांनी विडी पेटवली आणि म्हणाले, "त्या मास्तरानं किती काढले होते?"

"दोनशे शेहेचाळीस, दादा."

"आणि वय?"

"अठ्ठेचाळीस."

वडील गप्प राहिले. जन्मात त्यांनी क्रिकेट पाहिलेलं नव्हतं. जरा वेळानं म्हणाले, "पहिल्यापासनं सांग. मधलं काय गाळू नको."

तात्यांनी उजाडेपर्यंत सांगितलं.

हे मला वडलांनी कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर तात्यांनी सांगितलं, ऐंशी वर्षांचे असताना. देवधर 1993 साली वारले, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षी. त्या दिवशी तात्या पेपर घेऊन खळ्यावर जाऊन बसले होते. आम्हाला वाटलं, उन्हाला बसलेत.