क्लिअर लेकचें पाणी

मात्रा अल्प असली कीं विषहि औषधाचें काम करतें, असें आपले वैद्य सांगत आले आहेत. पण ती मात्रा मोजावयाची कोठें, हा प्रश्न अमेरिकेंतील एका सरोवरानें मोठ्या विलक्षण रीतीनें उपस्थित केला.

सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उत्तरेस सुमारें ९० मैलांवर क्लिअर लेक आहे. नांव 'निर्मळ सरोवर', परंतु तळच्या काळ्या चिखलामुळें पाणी गढूळच! मासे धरावयास येणाऱ्या हौशी मंडळींस तेथें डांसासारख्या एका बारीक किड्याचा त्रास होई. हा किडा चावतहि नसे. त्याचा उपद्रव केवळ संख्येचा. त्याच्या नाशासाठीं १९४९ सालीं सरोवरांत डी. डी. डी. हें कीटकनाशक सोडण्यांत आलें. डी. डी. टी.चेंच हें भावंड, पण माशांस कमी घातक म्हणून मुद्दाम निवडलेलें. प्रमाण, पाण्याच्या ७ कोटि भागांस एक भाग. पुढें १९५४ व १९५७ सालीं तें ५ कोटींस एक असें करण्यांत आलें. हें योजणारांस निष्काळजी म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. त्यांनीं हिशेब केला होता. मात्र तो पाण्याचा होता.

१९५४ च्या हिंवाळ्यांत ग्रीब पक्षी मरूं लागले. आपल्या तळ्यांतील टिबुकलीच्या कुळांतला हा मोठा, डौलदार पक्षी. मासे हा त्याचा मुख्य आहार. शंभराहून अधिक मेले, पण सांथीच्या रोगाचा मागमूस लागेना. १९५७ नंतर पुन्हा तोच प्रकार घडला, तेव्हां कोणास तरी मृत पक्ष्यांची चरबी तपासण्याची बुद्धि झाली. तींत दर १० लक्ष भागांस १,६०० भाग विष निघालें; म्हणजे पाण्यांत घातलेल्या प्रमाणाच्या ८० हजार पट!

मग शोध मागें मागें नेण्यांत आला. पाण्यांत तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत १० लक्षांस ५ भाग, ते खाणाऱ्या माशांत ४० पासून ३०० पर्यंत, आणि माशांवर जगणाऱ्या माशांत त्याहूनहि पुष्कळ अधिक. हें द्रव्य पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, चरबींत मात्र मुरून बसतें. खाल्लेलें अन्न देह खर्च करतो. विष शिल्लक राहतें. दूध आटवीत गेल्यावर खवा उरावा, तसा हा प्रकार. नवल असें कीं, विष टाकल्यानंतर थोड्याच काळानें खुद्द पाण्यांत त्याचा लवलेशहि सांपडत नव्हता.

१९६२ सालीं रेचेल कार्सन यांनीं आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' ग्रंथांत ही हकीकत सांगितली. पूर्वी त्या सरोवरावर ग्रीबांच्या हजारांहून अधिक जोड्या घरटीं करीत. १९६० सालीं सुमारें ३० उरल्या होत्या. त्यांनींहि घरटीं बांधलीं, पण शेवटच्या प्रयोगानंतर तोंपर्यंत तेथें एकहि पिलूं कोणाच्या दृष्टीस पडलें नव्हतें.